घरच्या बॅकअप पॅकसाठी लिथियम सेल निवडताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, आणि दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत पुढे अनेक आठवडे लाईट नव्हती. आमच्या घरातली ट्युब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी पहिल्याच रात्री संपली. वाडीत एकाकडे जनरेटर होता, त्यावर रोज तास-दोन तास चार्जिंग मिळायचं. पण लेड-ॲसिड बॅटरीला घाई चालत नाही. भरत आली की ती करंट घेणंच कमी करते आणि शेवटचा टप्पा तासन्‌तास रेंगाळतो. त्याच पावसाळ्यात ठरवलं, घरात लिथियमचा पॅक करायचा.

पहिला पॅक चार महिन्यांत आजारी पडला. बीएमएस (प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवून गरज पडली तर पॅक बंद करणारं सर्किट) चांगला होता, जोडणीही बरी होती. चूक सेल निवडण्यात झाली होती. लेबलवरचा आकडा वाचून मी सेल घेतले आणि न तपासता जोडले. त्यानंतर नातेवाइकांचे धरून पाच पॅक बांधले. प्रत्येक वेळी बांधायला दोन दिवस लागले आणि सेल तपासायला दोन-तीन आठवडे. हा लेख मुख्यतः त्या दोन-तीन आठवड्यांबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल, डीसीचा (बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा) करंट काय करतो हे माहीत नसेल, तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी असलेला तयार पॅक घ्या. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण मोठ्या सेलच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो. काम करताना अंगठी, कडं, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं, डोळ्यांवर चष्मा लावायचा आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची. यात सूट नाही.

आधी हिशेब

सेलच्या दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या. आमच्या घरचा हिशेब असा होता: साधे ७५ वॅटचे तीन पंखे, २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब, १० वॅटचा राउटर, ६० वॅटचा टीव्ही. एकूण ३७५ वॅट. चार तास चालवायचे, म्हणजे १५०० वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतः साधारण १५ टक्के खातो, म्हणून बॅटरीतून १७६५ वॅट-तास निघणार. पॅक रोज तळापर्यंत रिकामा करायचा नाही, ८० टक्केच वापरायचा. त्या हिशेबाने पॅक साधारण २२०० वॅट-तासांचा हवा.

आता हे ट्युब्युलरशी ताडून पाहा. १२ व्होल्टची १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. पण तो आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो, आणि आयुष्य जपायचं तर निम्मीच वापरावी लागते. हातात उरतात ९००. म्हणून ‘माझी १५० एएचची आहे, लिथियमही १५०चीच घेतो’ असा विचार करू नका. वॅट-तासांत बोला.

पंखे बदलता येत असतील तर आधी ते बदला. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. तीन पंख्यांमागे जवळजवळ १३५ वॅट वाचले, म्हणजे पॅक तिसरा हिस्सा लहान झाला. सेलवर खर्च करण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडतं.

आणि भरायला किती वेळ लागेल तेही बघा. १७६५ वॅट-तास म्हणजे १२.८ व्होल्टला सुमारे १३८ एएच. घरगुती इन्व्हर्टर १५ अँपिअरने चार्ज करत असेल तर नऊ-दहा तास हवेत. सकाळी चार आणि संध्याकाळी चार तास लाईट जाणाऱ्या गावात मधल्या वेळेत पॅक भरणारच नाही. तिथे आणखी मोठा पॅक घेऊन उपयोग नाही. आधी चार्जर मोठा हवा.

कुठलं रसायन

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. एक एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट): लॅपटॉप, बऱ्याच स्कूटर आणि पॉवर बँकेतली. दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. घरच्या पॅकसाठी माझं मत पक्कं आहे: एलएफपीच.

पहिलं कारण साधं गणिताचं. एलएफपी सेल ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ३.६५. चार ओळीने (एकाचं धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला) जोडले की १२.८ व्होल्ट होतात, भरल्यावर १४.६. घरातला १२ व्होल्टचा इन्व्हर्टर नेमका याच टापूत काम करतो. एनएमसी पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. तीन जोडले तर १२.६ मध्येच भरले, त्यापुढे इन्व्हर्टरचा चार्जर १४.४ व्होल्ट ढकलणार. चार जोडले तर १६.८, म्हणजे इन्व्हर्टर त्यांना कधी पूर्ण भरणार नाही. जोडी जुळतच नाही.

दुसरं कारण आगीचं. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फेटला घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहज सुटत नाही, त्यामुळे एनएमसीसारखा भडका उडण्याची शक्यता बरीच कमी. शून्य नाही. खूप तापलेला एलएफपी सेलही पेटणारा, विषारी वायू सोडतो. तिसरं कारण आयुष्याचं: चांगला एलएफपी सेल दोन हजारांपासून सहा हजार आवर्तनांपर्यंत (एकदा भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक आवर्तन) टिकतो, एनएमसी साधारण पाचशे ते हजार. वजन आणि आकारात एनएमसी सरस आहे, पण घराच्या कोपऱ्यात ठेवायच्या पेटीला दहा किलोने काय फरक पडतो?

या रसायनाचा पहिला शोधनिबंध १९९७ चा, अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातला. जॉन गुडइनफ यांच्यासोबत त्यावर अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. सेल हातात घेतला की मला ती दोन भारतीय नावं आठवतात, म्हणून इथे लिहिली.

कुठला आकार

एलएफपी दोन रूपांत मिळतो. एक गोल ३२७००: ३२ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर लांब, ६ एएच. सोलर पथदिव्यांत हेच असतात, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतात. दुसरे चौकोनी, ज्यांना प्रिझमॅटिक म्हणतात: ५०, १००, २८०, ३१४ एएचचे, ॲल्युमिनियमच्या डब्यातले.

वरच्या हिशेबासाठी ३२७०० घेतले तर ३० समांतर (धन टोकं एकत्र, ऋण टोकं एकत्र) आणि असे ४ गट ओळीने, म्हणजे १२० सेल लागतात. १८० एएच, २३०४ वॅट-तास. प्रत्येक सेलची दोन टोकं, म्हणजे २४० जागी स्पॉट वेल्डिंग. त्यातला एक टाका कच्चा राहिला तर तो सेल गुपचूप बाहेर पडतो आणि त्याचा भार इतरांवर येतो. चौकोनी २८० एएचचे चार सेल घेतले तर ३५८४ वॅट-तास, वजन साधारण २२ किलो आणि नट फक्त आठ. सेल बिघडला तर पाना घेऊन बदलता येतो.

मी आता चौकोनीच घेतो. गोल सेलची एक जमेची बाजू मात्र खरी आहे: एक सेल वाईट निघाला तर नुकसान एका सेलचं, २८० एएचच्या डब्याचं नाही. लहान पॅकला, म्हणजे राउटर आणि दोन दिव्यांपुरत्या, ३२७०० चांगलेच.

लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून काढलेले १८६५० (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब गोल सेल) घेऊन मोठा पॅक बांधायचा मोह बऱ्याच जणांना होतो. शिकायला ते ठीक आहे. घरात रात्रंदिवस भरलेल्या अवस्थेत ठेवायला नाही. ते वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या हाल सोसलेले सेल असतात आणि रसायनही भडकणारं.

खरेदी

लेबलवरचा एएच हा विकणाऱ्याचा शब्द आहे. वजन हा सेलचा स्वतःचा शब्द. म्हणून सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा सोबत न्या. ६ एएचचा खरा ३२७०० साधारण १४० ते १४५ ग्रॅम भरतो. सव्वाशेच्या खाली गेला तर त्यात तेवढा मालच नाही. २८० एएचचा चौकोनी सेल साधारण साडेपाच किलोच्या जवळ असतो. १८६५० मध्ये तर ही फसवणूक उघड चालते. ९९०० एमएएच (१००० एमएएच म्हणजे १ एएच) छापलेले सेल विकले जातात, पण त्या आकारात आजही साडेतीन हजारांच्या फार वर जाता येत नाही.

चौकोनी सेल घेताना बॉक्स दुकानातच उघडायला लावा. या गोष्टी बघा. बाजू सपाट आहेत का: मोजपट्टी उभी धरा, फुगलेला लगेच कळतो. डब्यावर लेसरने कोरलेला क्यूआर कोड मूळचा आहे का, की खरवडून पुन्हा कोरलाय. टोकांवर आधी नट बसवल्याच्या किंवा जुनं वेल्डिंग घासल्याच्या खुणा. निळी प्लास्टिकची खोळ अगदी कोरी आणि आतला डबा ओरखड्यांचा असेल तर तो सेल कुठल्यातरी गाडीतून निघालेला आहे. वापरलेला सेल घेणं हा गुन्हा नाही, पण त्याला नव्याची किंमत का द्यायची?

‘ए ग्रेड’ हा शब्द सगळेच वापरतात. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: चारही सेल एकाच लॉटचे आहेत का, प्रत्येक सेलचा क्षमता आणि अंतर्गत रोधाचा (सेल आतून करंटला करतो त्या अडथळ्याचा) तपासणी तक्ता मिळेल का, आणि मी मोजल्यावर कमी भरला तर परत घ्याल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहून घ्या. किंमत नेहमी दर वॅट-तासावर काढा: एएच गुणिले ३.२, त्याने किमतीला भागा.

तिथेच व्होल्टेज मोजा. नवा एलएफपी अर्धवट भरूनच येतो, ३.२८ ते ३.३० च्या आसपास दिसतो. तीनच्या खाली असेल तर शंका घ्या, अडीचच्या खाली असेल तर परत करा. एवढा खोल रिकामा पडून राहिलेला सेल आतून खराब होतो. आतला तांब्याचा पत्रा विरघळू शकतो, पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलतीकडे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती राहते. तो पुन्हा भरला म्हणजे बरा झाला असं नाही.

तपासणी

इथे माझा पहिला पॅक सांगतो, कारण त्यातूनच हे सगळं आलं. ८० सेल, २०-२० चे चार गट. चौथ्या महिन्यात पंखे दीड तासातच बंद पडायला लागले. पेटी उघडून चारही गट मोजले: ३.२१, २.४८, ३.२१, ३.२०. तीन गटांत भरपूर चार्ज शिल्लक होता, पण दुसरा तळाला गेला की बीएमएस सगळ्यालाच थांबवत होता. निकेलच्या पट्ट्या कापून त्या गटातले वीसही सेल सुटे केले, कागदी टेपवर नंबर लिहून चिकटवले आणि एकेक करून मोजले. चौदा सेल ५७०० एमएएचच्या पुढे. सहा ४००० च्या खाली. त्यांतला सात नंबरचा ११८ ग्रॅमचा होता आणि चार्ज होताना हाताला कोमट लागायचा, बाकीचे गार. लेबल सगळ्यांवर एकच.

बैलजोडीतला एक बैल बसला की दुसरा कितीही ताकदीचा असो, नांगर पुढे जात नाही. ओळीने जोडलेल्या सेलचं तसंच आहे. म्हणून सगळ्यात मोठे सेल शोधू नका, एकसारखे शोधा. २८०, २८१, २७९, २८० हे चार सेल मला २९०, २८८, २९१, २६५ पेक्षा जास्त प्रिय आहेत.

एलएफपीमध्ये एक घोळ आहे, तो समजून घ्या. २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत त्याचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं. मल्टिमीटरवर दोन्ही सेल ३.२९ दाखवतील आणि एक दुसऱ्यापेक्षा बराच जास्त भरलेला असेल. त्यामुळे व्होल्टेज बघून क्षमता कळत नाही, ती रिकामं करूनच मोजावी लागते.

पद्धत अशी. सेल ३.६५ व्होल्टपर्यंत पूर्ण भरा, तासभर थांबा, मग ठरावीक करंटने २.५ व्होल्टपर्यंत रिकामा करा आणि किती एएच निघाले ते लिहा. गोल सेलसाठी एलएफपीची सेटिंग असलेला तपासणी-चार्जर मिळतो. २८० एएचच्या सेलला ४० अँपिअरचा इलेक्ट्रॉनिक लोड लावला तर सात तास लागतात, आणि तो लोड प्रत्येकाकडे नसतो. मग दुसरा मार्ग: चारही सेल खाली सांगितल्याप्रमाणे समान भरा, बीएमएस लावा, इन्व्हर्टरवर बल्ब लावून रिकामे करा आणि मधे डीसी वॅटमीटर ठेवा. शेवटच्या अर्ध्या तासात शेजारी बसून राहा आणि दर पाच मिनिटांनी चारही सेलचं व्होल्टेज लिहा. जो सगळ्यात आधी २.५ ला पोचला तो सगळ्यात लहान, आणि तोपर्यंत निघालेले एएच हीच तुमच्या पॅकची खरी क्षमता.

अंतर्गत रोध साध्या मल्टिमीटरने मोजता येत नाही. चार तारांचा मीटर लागतो. २८० एएचच्या सेलचा रोध पाव मिलिओहमच्याही खाली असतो, ३२७०० चा काही मिलिओहम. आकड्यापेक्षा इतर सेलशी फरक किती ते बघा. एकाचा दीडपट निघाला तर तो बाजूला.

शेवटची तपासणी सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. सेल भरून एक दिवस ठेवा, व्होल्टेज तीन दशांशांपर्यंत लिहा. दोन-तीन आठवडे हात लावू नका. पुन्हा मोजा. बाकीच्यांपेक्षा दहा मिलिव्होल्टहून जास्त खाली उतरलेला सेल आतून गळतोय. त्याची क्षमता उत्तम असली तरी तो पॅकमध्ये नको.

गोल सेलचे गट करताना क्षमतेप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे रांग लावा आणि पत्ते वाटतात तसे चार गटांत वाटा: आधी एक-दोन-तीन-चार, मग उलटं चार-तीन-दोन-एक. प्रत्येक गटाची बेरीज जवळजवळ सारखी येते. गळका किंवा तापणारा सेल मात्र बेरीज जुळवायला गटात लपवू नका.

समान भरून जोडणी

जोडण्यापूर्वी चारही सेल एकाच पातळीवर भरलेले हवेत. चारही समांतर जोडायचे आणि ३.६५ व्होल्टवर ठेवलेला पॉवर सप्लाय लावायचा. पण अर्धवट भरलेले २८० चे चार सेल म्हणजे ५६० एएच भरायचे, दहा अँपिअरने ५६ तास. म्हणून आधी ओळीने जोडून, बीएमएस लावून, इन्व्हर्टरच्या चार्जरने भरून घ्या आणि फक्त शेवटचा टप्पा समांतर करा. पॉवर सप्लायचं व्होल्टेज जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजून बसवा. लवकर व्हावं म्हणून वर चढवू नका, त्यातच सेल फुगतात. करंट शून्याजवळ आला की झालं.

साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट ५० मिलिअँपिअरच्या घरात असतो. दोन सेलमध्ये ५ एएचचा फरक असेल तर तो भरून काढायला शंभर तास. ‘बीएमएस सांभाळून घेईल’ या भरवशावर विषम सेल घेऊ नका. ८०० वॅटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टला जवळजवळ ८० अँपिअर लागतात, तेव्हा बीएमएस १०० अँपिअरचा आणि तांब्याची केबल किमान २५ चौरस मिलिमीटर. केबलच्या टोकाचं थिंबल दाबून बसवलेलं हवं, हातोडीने ठोकलेलं नको.

चौकोनी सेलचा ॲल्युमिनियमचा डबा आतून धन टोकाशी जोडलेला असू शकतो. दोन सेलमध्ये इपॉक्सीचा पत्रा घाला, नुसत्या निळ्या खोळीवर विसंबू नका. चारही सेल दोन फळ्यांमध्ये घट्ट, पण चेपणार नाहीत असे बसवा. टोकांवरचे आटे बहुधा ॲल्युमिनियमचे असतात. नट आवळताना सेलच्या पत्रकात दिलेला टॉर्क पाळा, मनगटाचा जोर लावू नका.

धन टोकाशेजारीच फ्यूज. घरच्या वायरिंगमधला एमसीबी इथे चालत नाही, तो एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या) करंटसाठी असतो: एसी करंट सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीची ठिणगी विझत नाही. क्लास-टी जातीचा १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज घ्या. तो महाग वाटतो, पण पॅकमधली हीच एक वस्तू आहे जिच्यात मी कधीच काटकसर करत नाही.

इन्व्हर्टर आणि जागा

इन्व्हर्टरला लिथियम मोड असेल तर उत्तम. नसेल तर ट्युब्युलरवरचं बटण हलवून एसएमएफ (सीलबंद बॅटरी) किंवा जेलवर आणा आणि प्रत्यक्ष चार्जिंग व्होल्टेज मोजा. १४.० ते १४.४ असावं, भरल्यानंतर १३.५-१३.६ वर उतरावं. अधूनमधून १५ च्या वर चढवणारं इक्वलायझेशन बंद होत नसेल तर तो इन्व्हर्टर लिथियमला लावू नका. रोजच्या वापरासाठी खालची मर्यादा बीएमएसमध्ये सेलमागे २.८ व्होल्ट ठेवा.

आपल्याकडे थंडीचा त्रास नाही, उन्हाचा आहे. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे पत्र्याखालच्या माळ्यावर पॅक ठेवला तर सहा हजार आवर्तनांचा सेलही अकाली म्हातारा होतो. घरातली सगळ्यात गार, हवेशीर भिंत शोधा. कोकणात खारी दमट हवा बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) खाते, दर पावसाळ्यानंतर नट उघडून टोकं बारीक पॉलिश कागदाने पुसा. झोपायची खोली, जिन्याखालची जागा आणि बाहेर पडायची वाट, या तिन्ही ठिकाणी पॅक नको.

पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा, पॅक भरलेला असताना आणि रिकामा होत आलेला असताना, चारही सेलचे आकडे वहीत लिहा. भरलेला असताना फरक पडत असेल तर समान भरणं नीट झालेलं नाही, पुन्हा करा. रिकामा होताना नेहमी तोच सेल आधी उतरत असेल तर तो लहान आहे, दुकानदाराला दाखवायला आकडे हातात आहेत. आणि नाकारलेले सेल भंगारवाल्याला देऊ नका, तो ते ठोकून फोडतो. टोकांना टेप लावून, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांखाली नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे परत द्या. माझा सात नंबरचा सेल मी तसाच दिला.